बाळ टबात रमलंय म्हणून उठून जाऊ नका

सध्या एक सल्ला खूप फिरतोय. बाळ सहा महिन्यांचं झालं, बसू लागलं की टबात तांदूळ, राजमा आणि रंगीत वॉटर बीड्स, म्हणजे पाण्यात फुगणारे मणी, भरा. सगळं खाण्यातलं किंवा बिनविषारी, तेव्हा भीती नाही. बाळ तासभर रमतं, तुमची कामं उरकतात, शिवाय मेंदू झपाट्याने वाढतो.

सेन्सरी बिन, म्हणजे हाताळून खेळायला वेगवेगळ्या वस्तू भरलेले असे टब, मला मनापासून आवडतात, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

‘खाण्यातलं आहे, भीती नाही.’ आपण राजमा शिजवून खातो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच दाण्यांनीही मोठ्या माणसाला उलट्या होऊ शकतात. त्यातून या वयाचं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालूनच ओळखतं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना सुमारे 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं, असं धरतात. राजम्याचे कितीतरी दाणे तिच्यात एकदम मावतील!

‘वॉटर बीड्स बिनविषारी असतात.’ इथे प्रश्न विषाचा नाहीच. हे मणी पाणी शोषून कित्येक पट फुगतात आणि पोटात गेल्यावरही फुगत राहतात. आतडं बंद होतं, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे निदानाला उशीर होतो. 2023 मध्ये अमेरिकेत दहा महिन्यांच्या एका बाळाच्या मृत्यूनंतर अशा मण्यांचा एक संच बाजारातून परत मागवावा लागला. घरात लहान मूल असेल तर हे मणी आणूच नका, मोठ्या भावंडासाठीसुद्धा नाही. घरंगळून कोचाखाली गेलेला एक मणी रांगणाऱ्या बाळालाच आधी सापडतो.

‘बाळ रमतं, तुम्ही कामं उरका.’ या वाक्याने मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. श्वासनलिका पूर्ण बंद झाली की खोकला येत नाही, रडू फुटत नाही. शेजारच्या खोलीत काहीच ऐकू येणार नाही. पाण्याचा टब असेल तर पाच सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरतं, तेही आवाज न होता. हाताच्या अंतरावर बसायला वेळ नसेल, तर त्या दिवशी टब काढू नका.

मेंदूचं म्हणाल, तर स्पर्शातून मूल शिकतं हे खरंच. पण त्यासाठी दाणेच लागतात असं कुठे आहे? लाकडी डाव, गार स्टीलची वाटी, मऊ आणि खरखरीत कापडाचे मोठे, धागे न निघणारे तुकडे, मुठीत न मावणारा चेंडू एवढं टबात ठेवा. बाळ वाटी आपटेल, चाटेल, आवाज कुठून आला म्हणून तुमच्याकडे बघेल. तेव्हा तुम्ही समोर हवेत.