एकाच कापडाचे कपडे

काल कट्ट्यावर वाद झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१–१८६५) सामान्य सैनिकांच्या छायाचित्रांवरून. त्यांना लोकचित्रे, म्हणजे सामान्य लोकांनी स्वतः घडवलेली चित्रे, म्हणावे की नाही, हा मुद्दा होता.

आमच्यातल्या छायाचित्रकार मित्राला हे मुळीच मान्य नव्हते. त्याचे म्हणणे असे की, पातळ लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप असो वा काचेवरचा अँब्रोटाइप, हा पैसे घेऊन केलेला धंदा होता. मागे रंगवलेले तंबू आणि झेंडे, पुढे ताठ बसलेला शिपाई, आणि प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटत असल्यामुळे पट्ट्याच्या बकलावरची अक्षरेसुद्धा उलटी. “साचा ठरलेला असताना यात लोकांचे काय?” असे त्याने विचारले.

इतिहास शिकवणाऱ्या मैत्रिणीने उत्तरादाखल मोबाइलवर एक छायाचित्र उघडले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील लिलजेनक्विस्ट संग्रहातले ते चित्र आहे: गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक, त्याची पत्नी आणि सारखेच कोट व टोप्या घातलेल्या दोन मुली. संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय लढले. गुलामगिरीच्या राज्यांत गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यताच नव्हती. ती म्हणाली, “अरे, साचा स्टुडिओचा असेल, पण चौघांनी एकत्र चित्र काढून घ्यायचे आणि मुलींना सारखे कपडे घालायचे, हे कोणी ठरवले?”

“पण या चौघांची नावे बराच काळ कोणालाच ठाऊक नव्हती, मग हे चित्र नेमके कोणाचे?” असे तिसऱ्याने विचारले. हा प्रश्न मला खरोखरच जड वाटला आणि म्हणून मी एमॉस ह्युमिस्टनची हकिकत सांगितली. न्यूयॉर्कच्या १५४व्या पलटणीतला हा सार्जंट १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत मारला गेला. त्याच्याजवळ ओळख पटेल असे काहीच नव्हते, हाती फक्त तीन मुलांचा अँब्रोटाइप होता. त्या काळी वृत्तपत्रांना छायाचित्र छापता येत नसे, म्हणून फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाने १९ ऑक्टोबरला त्याचे शब्दांत वर्णन छापले: धाकटा मुलगा उंच खुर्चीत, दोन्ही बाजूंना भाऊ आणि बहीण, आणि थोरल्याचे जाकीट बहिणीच्या झग्याच्याच कापडाचे. ते वर्णन इतरत्रही छापून आले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी त्याची पत्नी फिलिंडा ह्युमिस्टन हिच्या वाचनात आले. नवऱ्याला असेच चित्र तिने स्वतः पाठवले होते. खात्रीसाठी मागवलेली प्रत हाती येईपर्यंत तिला आशा धरता आली असेल, एवढेच.

छायाचित्रकाराने आपला मुद्दा सोडला नाही. कॅमेरा धंदेवाल्याचाच होता, असे तो पुन्हा म्हणाला. मग मात्र त्याने मैत्रिणीचा मोबाइल मागून घेतला, चित्र मोठे केले आणि बराच वेळ त्या दोन मुलींच्या टोप्या पाहत राहिला.