न बोललेल्या वाक्यांची माफी

२०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला आली. इथे प्रागमध्ये त्या दिवशी दरवर्षीच सुट्टी असते. १४१५ साली याच तारखेला यान हुस या धर्मगुरूला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं होतं. एकादशीच्या शुभेच्छा द्यायला दादाचा फोन आला, पण विषय निघाला तो गावच्या व्याख्यानमालेचा. एक वक्ता संतांविषयी काही बोलला, अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरली आणि भावना दुखावल्या म्हणून गाव त्याच्या मागे लागलंय.

"पूर्ण भाषण ऐकलंस का?" मी विचारलं.

"वेळ कुणाला आहे? माफी मागून मोकळं व्हायचं. त्याचं काय जातंय?"

काय जातं ते हुसच्या गोष्टीत आहे, म्हणून ती सांगते.

माझ्या ट्रामच्या वाटेवर बेथलहेम चॅपेल लागतं. १३९१ साली ते चेक भाषेतल्या प्रवचनांसाठी स्थापन झालं. आजची वास्तू विसाव्या शतकात पुन्हा उभारलेली, पण काही भिंती मूळच्या आहेत आणि आतली विहीरही आहे. हुस तिथे १४०२पासून लोकांच्या भाषेत बोलायचा. चर्चचं मस्तक ख्रिस्त आहे, पोप नव्हे, म्हणायचा. १४१२ साली पोपच्या लढाईसाठी पैसे घेऊन पापांची क्षमापत्रं विकायला लागले, तेव्हा तो उघड विरोधात गेला. त्याच वर्षी क्षमापत्रांचा निषेध केला म्हणून तीन तरुणांची डोकी उडवली. त्यांना याच चॅपेलमध्ये पुरलं.

राजा सिगिस्मुंडने देऊ केलेल्या अभयाच्या भरवशावर हुस कॉन्स्टान्सच्या धर्मपरिषदेला गेला आणि तिथे कैद झाला. त्याच्या नावावर शेवटी तीस विधानं लावली. तो म्हणाला, यातली काही माझी नाहीतच. जी माझी आहेत ती शास्त्राच्या आधाराने चूक दाखवा, मी मागे घेतो. चूक दाखवण्यापेक्षा परिषदेला शपथेवर माघार हवी होती. जे कधी मानलंच नाही ते सोडलं अशी शपथ घेणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं, आणि तेवढं तो करणार नव्हता. मग भुतांची चित्रं काढलेली कागदी टोपी डोक्यावर घालून त्याला नेलं. राख ऱ्हाईन नदीत टाकली, मागे काही उरू नये म्हणून.

ते वाचताना मला इंद्रायणीच आठवते.

युरोप शहाणा, असं मला म्हणायचं नाही. या मृत्यूबद्दल खेद व्यक्त करायला पोपना १९९९ साल उजाडलं. शिवाय इथे देवाविषयी काहीही बोलता येतं, त्यामागे बहुतेक लोकांनी चर्चकडे फिरवलेली पाठही आहे. माझी सहकारी हुसच्या सुट्टीला मशरूम गोळा करायला जंगलात जाते. आमच्याकडे लाखो माणसं पंढरीची वाट चालतात, शब्द जिव्हारी लागतात. म्हणूनच आधी नीट ऐकून घ्यायची गरज आपल्याला जास्त आहे, असं मला कळकळीने वाटतं. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचं आपल्या कायद्यातलं कलम १९२७ सालचं. नव्या न्याय संहितेत २९९ क्रमांकाने तेच पुढे आलं. त्यातही मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हवा, असं लिहिलंय. हेतू अर्ध्या मिनिटात कसा कळावा?

दादाला संपूर्ण भाषणाची लिंक पाठवली. दीड तासाचं आहे. काल रात्री त्याचा मेसेज आला: "चाळीस मिनिटं झाली. अजून ते वाक्य आलं नाही."