गार्ड नव्हता का मशीनला?

5 जुलै 2025. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. उभे म्हणजे आपलं म्हणायचं. बिल वॉर्ड ड्रमर, तो बसलेलाच असणार. आणि गायक ऑझी ऑस्बॉर्नला पार्किन्सन्सनं पायावर उभं राहण्यासारखं ठेवलं नव्हतं, तो काळ्या सिंहासनात बसून गायला. सतराच दिवसांनी, 22 जुलैला, तो गेला.

त्या महिन्यात माझ्या फोनवर नुसता ऑझी. त्यानं चावून तोडलेलं वटवाघळाचं मुंडकं, कबुतराचं मुंडकं, दारू, टीव्हीवरचा संसार. मग कोण रडलं, कोणी उशिरा पोस्ट टाकली, कोणी टाकलीच नाही. मेटलच्या बातम्या मी वीस वर्षं वाचतोय, त्यामुळे नवल नाही वाटलं. हा धंदाच असा आहे. एखादा गिटारवाला दोन तास बसून बोलतो. त्यातली पावणेदोन तास तो तारा, अ‍ॅम्प, रिहर्सलची खोली, रात्री तीन वाजता सुचलेली रिफ (गिटारचा परत परत वाजणारा छोटा तुकडा) यावर बोलतो आणि शेवटी कुणीतरी जुन्या भांडणाची काडी टाकतं, तो वैतागून एक वाक्य बोलतो. दुसऱ्या दिवशी बातमी: अमक्याने तमक्याला सुनावलं. खाली तीनशे कॉमेंट. पावणेदोन तास गेले भंगारात.

त्या ढिगातच मला सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याची एक जुनी मुलाखत परत दिसली. बोटांची गोष्ट. मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते, तरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1965 साल, टोनी सतरा वर्षांचा, बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. बँडबरोबर युरोपात जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडली. तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, गुमान जा आणि दिवस पुरा कर. गेला. पत्र्याच्या प्रेसवरचा कामगार त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला मशीनवर बसवलं. मशीन खाली आलं, यानं झटक्यात हात ओढला, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथंच राहिली. आणि हा पठ्ठ्या डावखुरा. म्हणजे गिटारच्या दांडीवर तारा दाबणारा हात नेमका तोच.

मुलाखत बघत होतो तेव्हा आमचे अण्णा शेजारी बसून शेंगा सोलत होते. अण्णा भोसरी एमआयडीसीत एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. इंग्रजी त्यांना पुरतं कळत नाही, पण प्रेसचा फोटो दिसला तसे सोलायचे थांबले. म्हणाले, "काय झालं याला?" मी सांगितलं. अण्णांचा पहिला प्रश्न: "गार्ड नव्हता का मशीनला?" गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावतात ती आड.

मी पंचवीस वर्षं ही गोष्ट ऐकतोय, दुसऱ्यांना सांगतोय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पुढचं मात्र मी अण्णांना चवीनं सांगितलं, कारण मला त्या गोष्टीतलं तेच सगळ्यात आवडतं. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याचा फोरमन भेटायला आला, येताना जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन. हा जिप्सी गिटारवादक, 1928 मध्ये गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि तरी तो असा वाजवायचा की ऐकणाऱ्याला चारही बोटं चालू आहेत असं वाटावं. टोनीनं ऐकलं आणि घरी कारखाना काढला. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली. त्याची गोळी केली. गार झाल्यावर सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईनं गोळीला भोक पाडलं, बोट आत जाईल एवढं. मग तासन् तास पॉलिश पेपर घासत बसला, बोटाच्या टोकाचा आकार येईपर्यंत. नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून जुन्या जाकिटाचं कातडं कापून वर चिकटवलं आणि तेही घासून घासून असं केलं की तार धरेल पण अडकणार नाही.

टोप्या झाल्या, पण टोपीतून तार जाणवत नाही. जोर जास्त लागतो, आणि जोर दिला की दुखतं. तेव्हा हलक्या तारांचे सेट दुकानात मिळत नव्हते. यानं वरच्या दोन तारा बँजोच्या लावल्या आणि गिटारच्या तारा एकेक घर खाली सरकवल्या. पुढे 1971 च्या अल्बमला आख्खी गिटार दीड सूर खाली उतरवली. तार सैल, बोटाला आराम. आवाज जाडा झाला, जड झाला. आज दुनियाभरची पोरं गिटार खाली उतरवून वाजवतात, बहुतेकांची दहाही बोटं शाबूत असतात.

आता इथं इंटरनेटवर व्हायोलिन सुरू होतं. 'एका अपघाताने जन्म दिला मेटलला.' मागे सूर्योदय. माझं भांडण याच्याशी आहे. अण्णांच्याच शिफ्टला एक जण होता, डाय (प्रेसचा साचा) बसवताना पेडलवर पाय पडला, दोन बोटं गेली. त्यानं कुठलंही संगीत जन्माला घातलं नाही. काही महिने घरी बसला, मग त्याला स्टोअरला घेतलं, पेन धरायला त्रास व्हायचा म्हणून नोंदी दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. भोसरी-चाकणला अशी माणसं हुडकावी लागत नाहीत, रिक्षा-स्टँडवर उभं राहा. बोटं गेल्यानं कोणी काही निर्माण करत नाही. टोनीनं जे केलं ते घासून घासून केलं, आणि तोही तेच सांगत असतो. तो कधी म्हणत नाही की दुःखातून कला आली. तो कातड्याबद्दल बोलतो, कुठलं चिकटलं, कुठलं झिजलं. बातमीवाले कातडं टाकून देतात आणि दुःख उचलतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावर भांडायला मी तयार आहे: मेटलवाल्यांना 'प्रेरणा कुठून मिळते' असं विचारणं बंद करा. ते लोक कामगार आहेत, कामाचं विचारा. जूडस प्रीस्ट बँडचा गायक रॉब हॅलफोर्ड इंग्लंडातल्या वॉल्सॉलला ओतकामाच्या भट्ट्यांच्या शेजारी वाढला, ते आवाज शाळेपर्यंत यायचे असं तो सांगतो. तशी माणसं 'म्यूझ' (प्रेरणेची देवी) वगैरे भाषेत बोलत नाहीत. ती 'काल काय जमलं नाही' या भाषेत बोलतात.

मेटालिका या अमेरिकी बँडचं बघा. त्यांची गाणी बनतात ती मालाच्या साठ्यातून. गिटारवाले जेम्स हेटफील्ड आणि कर्क हॅमेट रिफ रेकॉर्ड करून ठेवतात, वर्षानुवर्षं, साउंडचेकला, हॉटेलात, कुठेही. मग ड्रमर लार्स उलरिक तो सगळा माल ऐकत बसतो आणि वेचतो. 1991 च्या काळ्या अल्बममधलं 'एंटर सँडमन' सगळ्यांना माहीत आहे, लग्नातल्या डीजेलासुद्धा. ती रिफ कर्कची. पण त्यानं आणली तेव्हा ती तशी नव्हती. लार्स म्हणाला, पहिला तुकडा तीनदा वाजव, मग शेपूट लाव. झालं. एका ड्रमरची कात्री! आमच्याकडे लार्सच्या ड्रमवर हसायची फॅशन आहे (मीही हसतो, 2003 च्या अल्बमचा तो स्नेअर ड्रम म्हणजे गोडेतेलाचा रिकामा डबा आहे), पण ही कात्री कुणी मोजत नाही.

आणि साठा म्हटला की चोरी, आग, पूर सगळं आलं. कर्कनं 2015 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की त्याचा फोन हरवला, त्यात अडीचशे रिफ होत्या. बॅकअप नव्हता. आठेक आठवल्या म्हणे. पुढच्या वर्षी अल्बम आला तेव्हा गाण्यांच्या श्रेयात त्याचं नाव नव्हतं. फोनची बातमी बरीच फिरली, पण 'बघा, कोट्यधीश माणसाला बॅकअप जमत नाही' या अंगानं. मला मात्र त्या आठ रिफबद्दल ऐकायचं होतं. अडीचशेतल्या ज्या आठ बोटांत शिल्लक राहिल्या, त्या कशा होत्या? सोप्या होत्या म्हणून राहिल्या की चांगल्या होत्या म्हणून?

तोच 2003 चा अल्बम बनत असताना त्यांच्यावर माहितीपट निघाला होता. त्यात महिन्याला चाळीस हजार डॉलर घेणारा समुपदेशक आहे, आरडाओरडा आहे, बातम्या सगळ्या त्याच्याच. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली आहे. जेम्स व्यसनमुक्तीहून परत येतो आणि सांगतो की मी बारा ते चारच काम करणार, आणि मी नसताना तुम्हीही माझ्यामागे टेप ऐकत बसायचं नाही. लार्स पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतो. ज्याला सेकंड शिफ्ट माहीत आहे त्याला हे भांडण लगेच कळतं. गाणं कधी बनतं, हा प्रश्न तिथं घड्याळाचा झाला होता.

मेशुगाबद्दल वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे, पण थोडं आत्ताच लिहितो. स्वीडनचा बँड. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं ड्रम एकीकडे, गिटार दुसरीकडे, माणसं तिसरीकडे. माझा एक मित्र तबला शिकलेला, त्याला ऐकवलं तर त्यानं मांडीवर ताल धरला आणि म्हणाला, अरे, हे तर चारात आहे. बरोबर होतं. ड्रमर टोमास हाके हातानं झांजेवर सरळ चार मोजत राहतो आणि पाय गिटारबरोबर भलत्याच लांबीचा तुकडा वाजवतात. समजायला माझाच आकडा घ्या: सोळा मात्रांची चार आवर्तनं म्हणजे 64. सात मात्रांचा तुकडा नऊदा वाजवला की 63. उरली एक. ती एक कुठं जिरवायची, तुकडा कुठं तोडायचा, की सगळे एकदम समेवर पडतील? गाणं बनवणं म्हणजे तिथं हा हिशोब. मित्र म्हणाला, आमचे गुरुजी दुपारभर याच एका मात्रेवर बसवून ठेवायचे. मेशुगानं कधी तबला शिकला नाही, आपल्याकडून काही उचललं वगैरेही नाही, उगाच छाती फुगवू नका. गणित एकच आहे, समेची ओढ एकच आहे. पण समेला जी मान हलते ती तबल्याच्या बैठकीत आणि मेटलच्या गर्दीत सारखीच हलते, फक्त आमच्यात केस लांब असतात.

असं कामाचं बोलणं कसं बाहेर काढायचं ते आपल्याकडे मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडच्या साहिल मखिजानं फार आधी ओळखलं होतं. त्यानं मेटलवाल्यांसाठी स्वयंपाकाचा कार्यक्रम काढला, 'हेडबँगर्स किचन'. तव्यावर मांस, समोर संगीतकार, गप्पा. पुढे तो कीटो आहाराकडे वळला आणि त्यावरच नावारूपाला आला, पण मूळ कल्पना मला अजून पटते. हाताला काम असलं की माणूस कामाचं बोलतो.

एक कबुली मात्र द्यायला हवी. ही मंडळी कामाचं बोलतात ते सगळंच खरं असतं असं नाही. ब्लॅक सॅबथचं 'पॅरानॉइड' हे गाणं 1970 मध्ये अल्बमला तीन मिनिटं कमी पडत होती म्हणून घाईत बनलं. बाकीचे जेवायला गेले होते, टोनीला रिफ सुचली, बास वाजवणाऱ्या गीझर बटलरनं शब्द लिहिले, ऑझीनं गायलं. कुणी वीस मिनिटं म्हणतं, कुणी पंचवीस, कुणी अख्खं प्रकरण दोन तासांत म्हणतं. पन्नास वर्षं तीच गोष्ट सांगून तिच्यावरही पॉलिश पेपर फिरलाय. फिरू दे. घाई खरी होती, ती गाण्यात ऐकू येते.

तर अण्णा. मुलाखत संपली, मी 1971 च्या त्या अल्बममधलं एक गाणं लावलं. अण्णांना माझं संगीत कधीच चाललं नाही, कॉलेजात असताना टेपरेकॉर्डरची वायर काढून ठेवायचे. या वेळी मिनिटभर ऐकलं, शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील बंद कर.

म्हणाले, "भोक सळईनं पाडलं म्हणतोस, तर आत कडेला बर, म्हणजे धारदार किनार, राहिली असणार. ती बोटाला टोचते. ती कशानं काढली त्यानं?"

मी म्हटलं, ते नाही सांगितलं त्यानं.

"आणि पॉलिश पेपर कितीचा? एकशेवीसचा की दोनशेवीसचा?"

मी परत मागे नेऊन पाहिलं. मुलाखत घेणारा तोवर पुढच्या प्रश्नावर गेला होता.