राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून गडहिंग्लजचा माळ भिजत नाही

"राधानगरीचे दरवाजे उघडले, आठवड्याचा पाऊस सरासरीच्या दीडपट झाला, पारा तिशीच्या आत आहे, आता कोल्हापूर जिल्ह्यात दुष्काळाचे नाव काढू नका," अशा आशयाचा संदेश पावसाळ्यात मोबाइलवर फिरतो. त्यातील आकडे बहुधा खरे असतात. चुकतो तो त्यांवरून काढलेला निष्कर्ष.

आधी दरवाजांविषयी. जलाशय काठोकाठ भरला की भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडू लागतात. त्यावरून भोगावतीच्या डोंगरी पाणलोटात भरपूर पाऊस झाला, एवढेच सिद्ध होते. गडहिंग्लज हिरण्यकेशीच्या काठी आहे, भोगावतीच्या नव्हे. शिवाय नदीकाठच्या उसाला उपसा योजनेचे पाणी मिळते. माळावरच्या जिरायती सोयाबीनला आणि भुईमुगाला आभाळातून पडेल तेवढेच.

जिल्ह्याची सरासरी तर याहून फसवी आहे. पश्चिमेच्या गगनबावड्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेच्या शिरोळमध्ये साधारण पाचशे-सहाशे; या दोन टोकांमधल्या बारा तालुक्यांचा एकच आकडा काढला, तर तो पश्चिमेच्या पावसाने फुगतो आणि पूर्वेची तूट त्यात बुडून जाते. २०२३ मध्ये राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत हातकणंगले आणि गडहिंग्लज हे आपलेच दोन तालुके होते. संदेश पुढे पाठवणाऱ्यांना याचा विसर पडलेला दिसतो.

'दीडपट' हा शब्दही तपासून घ्यावा. हवामान विभागाचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपतो आणि त्या सात दिवसांची तुलना त्याच सात दिवसांच्या दीर्घकालीन सरासरीशी होते. समजा, एखाद्या आठवड्याची सरासरी १० मिलिमीटर असून प्रत्यक्षात १६ मिलिमीटर पडला, तर नोंद ६० टक्के अधिक अशी होते आणि तो आठवडा थेट सर्वांत वरच्या वर्गात बसतो. तेवढा पाऊस एका संध्याकाळच्या सरीतही पडू शकतो. आधीचे तीन आठवडे कोरडे गेले असतील, तर भेगाळलेल्या काळ्या रानाची ओल एवढ्याने भरून येत नाही. म्हणूनच दुष्काळ ठरवताना एकूण पावसाबरोबर सलग खंड, जमिनीतील ओलावा, पेरणीक्षेत्र आणि पिकांची स्थितीही पाहतात.

तापमानाचा मुद्दा चटकन निकाली निघतो. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांची अट असते, परंतु शेंगा भरताना मुळांशी ओल नसेल, तर तिशीच्या आतही पीक सुकते.

राहिला पूर; तोही स्थानिक पावसाचा पुरावा नव्हे. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फूट ओलांडले होते. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाभोवती पाणी चढते, तेव्हा ते बरेचसे वरच्या खोऱ्यांत पडलेले असते. त्या दिवशी शिरोळच्या पर्जन्यमापकात किती पडला, हा प्रश्न वेगळा.

२०२३ च्या नोव्हेंबरात शासनालाही तालुक्याच्या खाली उतरून महसूल मंडळांची, म्हणजे तालुक्यातील गावांच्या गटांची, यादी करावी लागली: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस, ही त्यासाठीची कसोटी होती. संदेशातला आकडा कोणत्या मंडळाचा आहे, हे मात्र त्यात कधीच लिहिलेले नसते.