तासाला किती?

जिग बांधून विकणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. "याला मासा लागतो का?" आणि "तासाला किती होतात?" पहिल्याचं उत्तर मासा देईल. दुसऱ्याचं मलाच द्यावं लागतं, आणि तिथे माझी बोबडी वळते.

ज्यांचा गळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिग म्हणजे मासे पकडायचं खोटं आमिष. हुकाच्या दांडीवर शिशाचं छोटं डोकं ओतलेलं असतं आणि त्याच्या मानेला दोऱ्याने पिसं किंवा केस आवळलेले असतात. एवढाच हा ऐवज. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पाण्यात तो उड्या मारत तळाला जातो, माशाला वाटतं काहीतरी जिवंत आहे, आणि मासेमाराला वाटतं हे आपणही घरी करू शकू. गैरसमज दोघांचाही होतो, पण माशाचा लवकर दूर होतो.

कागदावरचा हिशेब फार देखणा आहे. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात, हुक पकडा, दोरा सुरू करा, पिसं लावा, गुंडाळा, गाठ मारा, कापा. तीन मिनिटं. म्हणजे तासाला २०. या वीसला दिवसाच्या तासांनी आणि महिन्याच्या दिवसांनी गुणलं की माणूस नोकरीचा राजीनामा मनातल्या मनात लिहू लागतो.

"आणि शिसं कोण ओततं? रंग कोण लावतं?" बायकोने विचारलं. तिला हिशेबात भावना आणायची सवय नाही.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून अंगावर येतं. म्हणून चष्मा, हातमोजे, मोकळी हवा, आणि नंतर साबणाने हात धुणं. साच्याच्या फटीतून डोक्याच्या कडेला जी पातळ झालर येते ती कानशीने घासायची. मग डोकं तापवून पावडर रंगात बुडवायचं आणि भट्टीत सुमारे १७५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पक्कं करायचं. ही भट्टी वेगळी हवी, स्वयंपाकाची नाही. आमच्याकडे या मुद्द्यावर चर्चा झाली नाही, थेट निकालच लागला.

आणि मग नेढं. हुकाच्या नेढ्यात रंग शिरतोच. तो मऊ असतानाच सुईने काढला तर एक सेकंद लागतो. भट्टीतून बाहेर आल्यावर तोच रंग काढायला बसलं की माणसाच्या तोंडी अशी भाषा येते जी पाकिटावर छापता येत नाही.

हे सगळं धरलं की एका जिगला सात मिनिटं पडतात. तासाला साडेआठ. त्यातला अर्धा जिग नेमका कोणता, हे बायकोने अजून सांगितलेलं नाही.

मग वेग वाढवायचं खूळ डोक्यात शिरतं. धंदेवाईक बांधणारे कात्री खाली ठेवतच नाहीत, तळहातात धरूनच सगळं करतात. त्यामागे गणित आहे. कात्री उचलायला चार सेकंद, एका जिगला चार वेळा, शंभर जिगांना जवळजवळ २७ मिनिटं. मी हे मनावर घेतलं आणि कात्री हातातच ठेवू लागलो. वेळ खरोखर वाचला. फक्त फोन आला की मी कात्रीसकट कान खाजवतो.

पिसांना मात्र गणित कळत नाही. मराबू नावाचं पीस पूर्वी त्याच नावाच्या करकोच्याचं असे, आता ते टर्की पक्ष्याचं असतं. पाण्यात ते इतकं सुंदर हलतं की त्याला सगळं माफ. कोरडं असताना मात्र ते श्वासानेही उडतं. म्हणून बोटं ओली करून त्याला दाबून धरायचं आणि त्या वेळी शिंकायचं नाही. हरणाच्या शेपटीचा केस उलट. त्याच्या बुडाशी पोकळी असते, तिथे दोरा आवळला की तो छत्रीसारखा फुलतो. टोकाकडचा केस निमूट राहतो. त्यामुळे एकाच शेपटीतून एकसारखे बारा जिग काढायचे तर केस निवडण्यातच निम्मा जीव जातो. आणि हे सगळं जमलं की शेवटच्या वेढ्याला दोरा हुकाच्या टोकाला घासतो. तुटतो. सगळी शेपटी गरगर सुटते. हे पहिल्या वेढ्याला कधीच होत नाही.

आता पैसे. साहित्यात सगळ्यात महाग हुक, बाकी केस-दोरा-रंग किरकोळ. दुकानदाराला माल दिला तर तो निम्मी किंमत मागतो. थेट विकला तर टपालखर्च, आणि "दादा, बारा घेतले तर एक फुकट ना?" अमेरिकेत तर मासेमारीच्या सामानावर उत्पादकाला १० टक्के अबकारी कर आहे, आणि घरच्या टेबलावर बांधून विकणाराही तिथे उत्पादकच ठरतो. शिशाऐवजी टंगस्टन घ्यावं तर ते १.७ पट जड, डोकं छोटं आणि ऐटबाज, पण वितळतं ३,४२२ अंशांना. म्हणजे डोकी तयारच विकत घ्यायची. जे उरतं त्याला मजुरी म्हणायचं, कारण दुसरं नाव सापडत नाही.

माझा खरा आधार म्हणजे पाण्यात बुडालेली झाडं. जिग अडकला, दोरी तुटली, गिऱ्हाईक परत आलं. पण गाठीवर मी चांगला डिंक लावतो, त्यामुळे माझे जिग लवकर सुटत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हे वाईटच.

त्याहून वाईट म्हणजे चांगलं गिऱ्हाईक. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने पोपटी जिग इतके वापरले की शेवटी स्वतःच व्हाइस घेतला. शेपट्या कुठे मिळतात, गाठ कशी मारायची, सगळं मलाच विचारलं. आता तो विकतोही, माझ्या निम्म्या भावात. "परवडतं कसं रे?" मी विचारलं. "साहित्याचे पैसे सुटतात की!" "आणि वेळ?" "वेळ कशाला धरायचा? संध्याकाळी बसतो सहज."

मी त्याच्याकडे दोन डझन मागवले. बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. पार्सल उघडलं, बांधणी उत्तम, केस एकसारखे, आणि चोवीसच्या चोवीस नेढी पक्क्या रंगाने बंद. मऊ असतानाच सुई घालायची, हे मी त्याला कळवलेलं नाही. शेवटी स्पर्धक आहे तो.