सिस्टमडी घालवा, घर हलकं करा

तुमचा लॅपटॉप सध्या नीट चालतो आहे ना? झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की उठतो, हेडफोन कानात घातले की ब्लूटूथ आपसूक जोडलं जातं, नाना मिळकतकराची पावती छापायला सांगतात आणि प्रिंटर मुकाट्याने छापतो. ही लक्षणं चांगली नाहीत. असंच चालू राहिलं तर लोक तुम्हाला साधा वापरकर्ता समजायला लागतील. लिनक्स सुरू होताना पार्श्वभूमीच्या सगळ्या सेवा उठवणारा आणि सांभाळणारा जो प्रोग्राम असतो, त्याला इनिट म्हणतात; तुमच्याकडे ते काम सिस्टमडी करतं. या शनिवारी ते काढा आणि त्या जागी रनिट बसवा.

लोक ‘का?’ असं विचारतील. पुण्यात तर उत्तर ऐकून घेतल्यावर ‘बरं, पण का?’ असं पुन्हा विचारतील. तेव्हा आधी इतिहास पाठ हवा. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० साली सिस्टमडी आणलं. २०११ च्या मे महिन्यात फेडोरा १५ या लिनक्स वितरणाने, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाने, ते स्वीकारलं आणि मग एकेक वितरण त्याच वाटेने गेलं. डेबियनचा किस्सा सोसायटीतल्या मंडळींना खास रंगवून सांगा. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथल्या तांत्रिक समितीत सिस्टमडी आणि त्याचा प्रतिस्पर्धी अपस्टार्ट यांना चार-चार अशी बरोबरीची मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नाराज मंडळींनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव देव्हुआन. पार्किंगच्या विषयावर ज्यांनी एकदा तरी वार्षिक सभा पाहिली आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

इतिहासाने भागलं नाही तर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण बाहेर काढा. २०२४ च्या मार्चअखेर उघडकीला आलेलं ते प्रकरण तुमच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण आहे. एक्सझेडच्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता आणि तो एसएसएचपर्यंत, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीपर्यंत, पोचत होता तो सिस्टमडीच्या लायब्ररीतून. मूळ ओपनएसएसएचला तिची गरजच नाही. डेबियन, फेडोरा यांनी आपापल्या परीने ठिगळ लावून ती जोडली होती. हे सगळं खरं आहे, जोरात सांगा. फक्त तो दरवाजा सापडला कुणाला, ते सांगू नका. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवाला माणूस डेबियनवर काम करत होता आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून तो खोदत गेला. अर्धा सेकंद! तुम्ही बूटचे जे तीन-चार सेकंद वाचवायला निघाला आहात, त्यांचा उपयोग आजवर असा कुणी केलेला नाही. तुम्ही ते भूमकर चौकातल्या वाहतूक कोंडीत खर्च कराल.

आता प्रत्यक्ष काम. रनिट हे गेरिट पापे यांचं. मूळ कल्पना डी. जे. बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्सची. पीआयडी एकवर, म्हणजे सिस्टमच्या पहिल्या प्रोसेसच्या जागी, एक चिमुकला प्रोग्राम बसतो आणि तीन टप्पे चालवतो. त्यांच्या फाइलींची नावं १, २ आणि ३. पहिली यंत्र जागं करते, दुसरी ते चालू ठेवते, तिसरी झोपवते. दुसऱ्या टप्प्यात रनएसव्हीडिर हा रनिटचाच एक प्रोग्राम एका फोल्डरवर नजर ठेवून बसतो. दर पाच सेकंदांनी बघतो, नवीन काही आलं की त्याच्यासाठी एक रनएसव्ही नेमतो, आणि तो रनएसव्ही आपल्या एकुलत्या सेवेची राखण करतो. सेवा मेली की पुन्हा उठवतो. सेवा चालू करायची म्हणजे तिच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक तिथे टाकायची, कायमची बंद करायची म्हणजे ती लिंक पुसायची. संपलं. हे इतकं देखणं आहे की पहिल्यांदा वाचताना माणूस हळवा होतो, आणि थट्टा बाजूला ठेवून सांगतो, पाच-सहा सेवा चालवणाऱ्या सर्व्हरवर यासारखं सुख नाही. २०१४ साली आलेली २.१.२ ही आवृत्ती लोकांनी वर्षानुवर्षे तशीच वापरली, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

पण तुमच्याकडे सर्व्हर नाही. तुमच्याकडे नाना आहेत.

व्हॉइड लिनक्ससारखं मुळातच रनिटवर उभं असलेलं वितरण कोऱ्या डिस्कवर घेण्याचा पळपुटेपणा करू नका. टपकीर गल्लीत जाऊन दुसरी एसएसडी आणावी आणि प्रयोग तिच्यावर करावा, असा सल्ला कुणी देईल; त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ज्या डिस्कवर ऑफिसचं काम, लग्नाचे फोटो आणि नानांच्या मुदतठेवींची एक्सेल शीट आहे, तिथेच चालत्या सिस्टमखालून इनिट ओढून काढण्यात खरी मजा. पॅकेज बदललं की रीबूटची आज्ञा द्या. काहीच होणार नाही, कारण आज्ञा नव्या इनिटची आणि पीआयडी एकवर अजून जुनंच ठाण मांडून बसलेलं. बटण दाबून धरा. पुढे पडद्यावर कर्नल पॅनिक आलं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यानेच मान टाकली, तर घाबरू नका. ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेनूत, ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी इनिट म्हणून थेट बॅश हा आज्ञा घेणारा प्रोग्राम द्या. तेही बूटच आहे, आणि रनिटपेक्षा हलकं.

सेवा लिहिताना एक पथ्य पाळायचं नाही. रन नावाच्या स्क्रिप्टमधला प्रोग्राम स्वतःहून पार्श्वभूमीला जाता कामा नये, असा नियम आहे. तो नियम वाचायचा राहू द्या. मग काय होतं, की छपाईची कप्स सेवा सुरू होताच फांदी फोडून मागे जाते, रनएसव्हीला वाटतं गेली बिचारी, तो एका सेकंदाने दुसरी उठवतो, तिला पोर्ट मिळत नाही, ती मरते, मग तिसरी. हा जन्ममृत्यूचा फेरा अखंड चालतो आणि पंखा फुल स्पीडवर फिरतो. पुढे कधीतरी तुम्हाला कळेल की कप्सला एफ हा पर्याय दिला की ती समोरच थांबते. एका अक्षराचं काम होतं. पण ते अक्षर सापडेपर्यंतची रात्र तुमची स्वतःची असते, ती सिस्टमडीने कधी दिली असती का?

“अरे, प्रिंटर का बोलत नाहीये?” नाना विचारतील.

“नाना, आता सिस्टम खूप सोपी झालीये.”

“मग छाप ना.”

इथे वाद घालू नका. सवलतीची मुदत संपत आलेली असते आणि नाना बँकेतून निवृत्त झालेले असतात.

आता अवलंबित्व. कुणाच्या आधी कोण उठणार याचा जो नकाशा सिस्टमडी मनात ठेवतं, तो रनिटला मान्य नाही. ब्लूटूथला डीबस, म्हणजे प्रोग्रामांमधला निरोप्या, लागतो? मग ब्लूटूथच्या स्क्रिप्टमध्ये लिहा, डीबस आहे का बघ, नसेल तर मर. ते मरतं, सेकंदाने पुन्हा उठतं, पुन्हा विचारतं, पुन्हा मरतं, आणि केव्हातरी डीबस आलेला असतो. यात खोट काहीच नाही, पद्धत प्रामाणिक आहे. अडचण एवढीच की तुम्हाला धीर नसतो. तुम्ही स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्लीप दोन, म्हणजे ‘दोन सेकंद थांब’, टाकता. मग नेटवर्कसाठी स्लीप पाच. मग दुसऱ्या एका स्क्रिप्टमध्ये पहिलीची वाट पाहणारा लूप. सहा महिन्यांनी त्या फोल्डरात सिस्टमडीचाच एक भाऊ उभा राहिलेला असतो, फरक इतकाच की त्याची मॅन्युअल पेजेस नसतात आणि तो फक्त तुम्हाला कळतो. रविवार सकाळी कळतो, निदान.

शुद्धीकरण पूर्ण झालं की झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपत नाही हे ध्यानात येईल. तेव्हा ईलॉगिनडी बसवा. तो सिस्टमडीच्या लॉगिनडीतूनच कापून काढलेला तुकडा आहे. जोडलेली यंत्रं ओळखायला ईयूडेव्ह लागेल. तोही सिस्टमडीच्या यूडेव्हचा फाटा. म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढलं आणि त्याचे दोन मुलगे ठेवून घेतले. पाहुण्यांना आडनाव सांगू नका. आवाजासाठीचा पाइपवायर आता तुमच्या लॉगिनबरोबर आपणहून उठणार नाही, त्याला हाताने उठवायचं. विसरलात तर मीटिंगमध्ये तुमचे फक्त ओठ हलतील, आणि वरिष्ठांना तो दिवस बरा जाईल.

घड्याळाचं मात्र कौतुक करावं तितकं थोडं. नानांच्या एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी तुम्ही विंडोज ठेवलेलं असतं, ते हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतं. वेळ जुळवणारी सेवा सिस्टमडीबरोबरच गेलेली असते. त्यामुळे लॅपटॉप साडेपाच तास पुढे धावतो आणि दहाची मीटिंग ऐन दहा वाजता सुरू होऊन साडेपाच तास झालेले दिसतात. एवढ्या एका सोयीसाठीही काही लोक रनिटकडे यायला हरकत नाही.

लॉग, म्हणजे सेवांच्या नोंदी, बघायचेत? सिस्टमडीच्या जर्नलची ती बायनरी फाइल तुम्हाला खुपत होती, ती गेली. आता लॉग हवा असेल तर प्रत्येक सेवेच्या पोटात लॉग नावाचं फोल्डर करायचं, त्यात आणखी एक रन स्क्रिप्ट लिहायची, नोंदी लिहिणाऱ्या एसव्हीलॉगडीला बोलवायचं. न केल्यास चुका कुठे दिसतात? प्रोसेसच्या यादीत, रनएसव्हीडिरच्या नावापुढे. खरंच. तिथे टिंबांची एक रांग असते, दर पंधरा मिनिटांनी एक नवीन टिंब येतं आणि जुनी चूक हळूहळू डावीकडे ढकलली जाते. म्हणजे पुरेसा वेळ दुर्लक्ष केलं की तक्रार आपोआप दिसेनाशी होते. आपल्या सोसायटीच्या कमिटीने हे केव्हाच अमलात आणलं आहे.

सोमवारी हिंजवडीला ऑफिसात पोचलात की दिवसभर सिस्टमसीटीएल ही सिस्टमडीचीच आज्ञा टाइप करायची आहे. कंपनीचे सर्व्हर तुमच्या शनिवारवर चालत नाहीत. मात्र जेवणाच्या टेबलावर विषय निघायलाच हवा. नाही निघाला तर काढा. ‘आपण बाबा घरी रनिटवर असतो’ हे वाक्य सहज, डबा उघडता उघडता आलं पाहिजे. दोघं माना डोलावतील, तिसरा फोनमध्ये डोकं घालेल. टेबलाच्या कडेला सर्व्हर सांभाळणारा एक शांत गृहस्थ बसलेला असतो, त्याच्यापासून जपून. कंपनीचं गिटलॅब, म्हणजे कोड ठेवायचं कोठार, स्वतःच्या सर्व्हरवर ऑम्निबस या तयार पॅकेजमधून बसवलेलं असेल, तर त्याच्या पोटातल्या सगळ्या सेवा रनिटच सांभाळतं, आणि त्या रनएसव्हीडिरला दर बूटच्या वेळी उठवून कामाला लावतं ते सिस्टमडी. दोघं एकाच यंत्रावर कितीतरी वर्षं गुण्यागोविंदाने राहताहेत. हे त्या गृहस्थाला ठाऊक असतं. त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारू नका. कोशिंबीर पुढे करा आणि विषय एक्सझेडवर न्या.