क्रोकर बेटावरच्या मुलांची त्या प्रवासाआधीची गोष्ट
क्रोकर बेटावरच्या मुलांच्या सुटकेवरचा तुमचा लेख आवडला. १९४२ साली उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर बॉम्ब पडल्यावर मार्गारेट सॉमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच क्रोकर बेटावरच्या मेथॉडिस्ट (ख्रिस्ती पंथाच्या) मिशनमधली ९५ मुलं होडीने, पायी, ट्रकने आणि रेल्वेने थेट सिडनीपर्यंत सुखरूप नेली. त्या बाईंच्या धैर्याला मनापासून नमस्कार.

पण ही मुलं मुळात त्या बेटावर कशी आली, हे लेखात एका ओळीत उरकलंय. त्याची खंत वाटली. ती काही अनाथ नव्हती हो! बहुतेकांच्या आया जिवंत होत्या. बाप गोरा, आई आदिवासी, एवढ्याच कारणावरून सरकारने त्यांना उचललं होतं.

त्यांच्यातल्याच एक, नॅना (म्हणजे आजी) फेजो यांचंच बघा. टेनंट क्रीकजवळ ओढ्याच्या काठाला आयांनी खड्डे खणून ठेवले होते, मुलांना लपवायला. तरीही चारेक वर्षांच्या या पोरीला ट्रकमध्ये घालून नेलं. पुढे मुलांना तीन रांगांत उभं केलं. डावीकडची कॅथलिक, मधली मेथॉडिस्ट, उजवीकडची अँग्लिकन, अशी ख्रिस्ती पंथांत वाटणी! त्या आणि त्यांची बहीण मधल्या रांगेत, म्हणून आधी गोलबर्न बेट आणि मग क्रोकर. भाऊ डाव्या रांगेत, त्याची वाट वेगळी. आई त्यांना पुन्हा कधीच दिसली नाही.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी अशा उचलून नेलेल्या मुलांची संसदेत माफी मागितली, तेव्हा हीच हकिकत सांगितली होती. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्या ओढ्याकाठापासून सुरुवात करा, ही कळकळीची विनंती.